ईएससीचा फॅन दोनदा जळाला, ट्रक पाच मिनिटांत बंद पडतो, कुठला फॅन लावू?

मुरूम_ट्रक:

नमस्कार सगळ्यांना. मी पुण्यात धायरीत राहते, मुलगा आठवीत आहे, त्याच्या नादानं मी पण आरसी म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांमध्ये शिरले आणि आता दोघांचाही जीव त्यातच अडकलेला असतो. आमच्याकडे १/१० साइजचा फोर व्हील ड्राइव्ह शॉर्ट कोर्स ट्रक आहे, ब्रशलेस मोटर ३३०० केव्ही, ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोल करणारा इलेक्ट्रॉनिक बॉक्स) ६० अँपिअरचा. डिसेंबरमध्ये सेकंड हँड घेतला. २एस लिपोवर (दोन सेलच्या बॅटरी पॅकवर) चालवत होतो, सोसायटीच्या मागं मोकळा प्लॉट आहे तिथं मुरूम टाकलेला आहे, संध्याकाळी साडेपाचला जायचं, पॅक संपेपर्यंत चालवायचं आणि घरी यायचं, तीन महिने कधी काही झालं नाही.

मार्चमध्ये त्याच्या वाढदिवसाला ३एस म्हणजे तीन सेलचा पॅक घेतला आणि तिथून सगळं सुरू झालं. पहिल्याच दिवशी पाच-सहा मिनिटांत ट्रक जागेवर थांबला, स्टेअरिंग चालू पण मोटर नाही, ईएससीवर लाल लाइट ब्लिंक होतोय. बॉडी काढली तर जळका वास आला आणि ईएससीवरचा छोटा फॅन बंद. बोटानं ढकलला की एक गिरकी घेतो आणि थांबतो. मला वाटलं मुरमाची धूळ आत गेली असणार, म्हणून ब्रशनं साफ केला, काही फरक नाही. मग तसाच ३० बाय ३० चा नवीन फॅन आणला दीडशे रुपयांना, लावला, तो दुसऱ्या पॅकला गेला, सेम वास. आता फॅन नसताना चालवलं तर चार मिनिटांत कट होतो, पंधरा मिनिटं बसून राहायचं आणि मग परत चार मिनिटं. मोटरला तर हात लावता येत नाही, चटका बसतो.

एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले मोठा डबल फॅन लावा, मोटरवर ४० चे दोन आणि ईएससीवर एक हाय स्पीडवाला. लावायला माझी ना नाही, सोल्डरिंग मी स्वतः करते, पण तिसऱ्यांदा जाळायचा नाहीये. तर ३० चा घेऊ का ४० चा, ५ व्होल्टचा का १२ चा, हवा ईएससीवर मारणारा लावायचा का गरम हवा ओढून बाहेर टाकणारा, आणि वायर ईएससीला जोडायची का रिसीव्हरला, हे कोणी नीट सांगेल का?

आणखी एक, धूळ आत जाऊ नये म्हणून मी चॅसिसवरून जुन्या मच्छरदाणीचं कापड दोन पदरी करून ताणून बांधलंय. त्याचा काही संबंध असेल तर तेही सांगा.


बाणेर_बग्गी:

ताई, आधी फॅनशिवाय चालवणं बंद करा प्लीज. कट ऑफ झाला म्हणजे ईएससी वाचला असं नाही, दर वेळी तो शेवटच्या टोकापर्यंत तापून येतोय.

तीन गोष्टी सांगा म्हणजे अंदाजपंचे बोलायला नको. पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) किती दातांचा आहे आणि स्पर (त्यानं फिरणारा मोठा गिअर) किती, ३एस लावताना पिनियन बदलला होता का, आणि जळालेल्या फॅनच्या स्टिकरवर किती व्होल्ट लिहिलंय आणि त्याची वायर नेमकी कुठं जात होती.


मुरूम_ट्रक:

पिनियन १५, स्पर ५४. बदलला नाही, बदलायचा असतो हेच माहीत नव्हतं. दोन्ही फॅन समोर ठेवलेत, दोन्हीवर डीसी ५ व्होल्ट ०.२० अँपिअर असं आहे. वायर ईएससीच्याच कडेला दोन पिनचं पांढरं सॉकेट आहे त्यात जात होती.


सोल्डर_पेठ:

मग तुमचे फॅन धुळीनं गेलेच नाहीत ताई. माझं रिपेअरिंगचं काम आहे, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांसाठी तपकीर गल्लीत रोजचं जाणं-येणं, असे फॅन मी बरेच बघितलेत.

बऱ्याच ईएससींमध्ये ते दोन पिनचं फॅनचं सॉकेट आतून थेट बॅटरीला जोडलेलं असतं. मध्ये काही रेग्युलेटर नसतो. म्हंजे पॅकचा जो व्होल्टेज तोच फॅनला. २एस फुल चार्ज म्हंजे ८.४ व्होल्ट, तेव्हा ५ व्होल्टचा फॅन ओव्हर चालत होता, जोरात फिरायचा, आयुष्य कमी होत होतं पण फिरत होता. ३एस फुल चार्ज १२.६. म्हंजे अडीच पट. असल्या फॅनच्या आत हब खाली एक बारकी आयसी असते जी कॉइल चालू-बंद करते, ती एवढ्याला टिकत नाही. तुम्हाला जो वास आला तो तिचा आणि कॉइलच्या वार्निशचा. बोटानं फिरवल्यावर मोकळा फिरतो म्हणताय ना, तीच खूण आहे, धुळीनं बेरिंग जाम झालं असतं तर बोटाला अडकल्यासारखं, खरखर लागलं असतं.

पण माझ्या बोलण्यावर पण विश्वास ठेवू नका, मोजा. मोटरच्या वायरी काढून ठेवा, ३एस लावा, ईएससी ऑन करा आणि मल्टीमीटरच्या प्रोब त्या सॉकेटच्या दोन पिनवर धरा, दोन्ही प्रोब एकमेकींना टेकणार नाहीत एवढी काळजी घ्या. १२ च्या आसपास आलं तर माझं बरोबर. ५ किंवा ६ आलं तर ईएससीत रेग्युलेटर आहे आणि मग दुसरं कारण शोधावं लागेल.

आता काय लावायचं. फक्त ३एस चालवणार असाल तर १२ व्होल्टचा फॅन त्याच सॉकेटला लावा, विषय संपला. पण तुमच्याकडे २एस पण आहे. १२ चा फॅन ७.४ वर आळसावल्यासारखा फिरतो, कधी सुरूच होत नाही, आणि एवढ्या छोट्या फॅनला स्पीड गेला की हवाही गेली, दोन्ही एकमेकांच्या प्रमाणात असतात.

दुसरा रस्ता, ५ व्होल्टचा फॅन रिसीव्हरच्या मोकळ्या चॅनलला लावणं. तिथं बीईसीचा (ईएससीमधला रिसीव्हरला कमी व्होल्टेज देणारा भाग) व्होल्टेज येतो, बहुतेक वेळा ६, तेवढा ५ चा फॅन सहन करतो. फक्त प्लस आणि मायनस जोडायचं, सिग्नलची पिन मोकळी. यात धोका एकच, की त्याच बीईसीवर तुमचा स्टेअरिंग सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) पण आहे. दगडात चाक अडकलं आणि सर्व्होनं जोर मारला की तो एकटाच दोन-तीन अँपिअर खाऊ शकतो, त्यात दोन-तीन हाय स्पीड फॅन जोडले असतील तर व्होल्टेज खाली येतो, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि गाडी हाताबाहेर. म्हणून एक छोटा फॅन ठीक आहे, दुकानदार म्हणाले तसे तीन फॅन रिसीव्हरवर अजिबात नको.

तिसरा रस्ता माझ्या आवडीचा. छोटं बक मॉड्यूल (व्होल्टेज कमी करून एकसारखा देणारं) मिळतं, एमपी१५८४ आयसीवालं, नखाएवढं असतं, २८ व्होल्टपर्यंत इनपुट घेतं. इनपुट ईएससीच्या त्याच फॅन सॉकेटवरून, आउटपुट ५ किंवा साडेपाच व्होल्टला सेट करायचं. मग २एस लावा नाहीतर ३एस, फॅनला फरकच पडत नाही. फक्त फॅन जोडायच्या आधी मल्टीमीटर लावून त्यावरचा बारीक स्क्रू फिरवून व्होल्टेज सेट करा, दुकानातून येताना ते कितीवर असेल सांगता येत नाही. आणि सेट झालं की त्या स्क्रूवर ग्लू गनचा एक थेंब टाका, नाहीतर उड्या मारून मारून तो हलतो आणि परत फॅन जातो. वरून श्रिंक ट्यूब.

फॅन घेताना बॉल बेरिंगवाला मागा. स्लीव्हवाला स्वस्त असतो पण मुरमाच्या धुळीत त्यातलं तेल सुकतं आणि महिनाभरात कुरकुरायला लागतो. साइज तुमच्या ईएससीच्या भोकांवरून ठरवा, ३० च्या फॅनच्या भोकांमधलं अंतर २४ मिमी असतं, ४० च्या फॅनचं ३२. पट्टी लावून बघा आणि मगच जा, नाहीतर परत चक्कर.


कात्रज_बॅशर:

मी माझ्या ट्रकला फॅन उलटा लावलाय, ईएससीवरची गरम हवा ओढून वर टाकतो. गरम हवा वरच जाते त्यामुळे हे जास्त बरोबर आहे असं मला वाटतं. दोन वर्षं झाली काही प्रॉब्लेम नाही.


वाइंडिंग_भोसरी:

भाऊ तुमचं चालतंय ही चांगली गोष्ट आहे पण गरम हवा वर जाते हे इथं लागू पडत नाही. फॅन जेवढ्या जोरानं हवा ढकलतो त्यापुढं ती आपोआप वर जाणारी हवा काहीच नाही. थंड हवा थेट हीट सिंकच्या फिन्सवर (पातळ पट्ट्यांवर) आदळली की फिन्सला चिकटून बसलेला गरम हवेचा थर फुटतो, म्हणून मारणारा फॅन बरा पडतो. ओढताना हवा सोप्या वाटेनं, कडेकडेनं येते आणि फिन्सच्या तळाशी फिरकतच नाही. फॅनची हवा कुठून निघते हे ओळखायला, ज्या बाजूला स्टिकर आणि आडव्या पट्ट्या असतात त्या बाजूनं बाहेर येते, जवळपास सगळ्याच फॅनला. तर स्टिकरची बाजू हीट सिंककडे. खात्री करायची तर टिश्यू पेपरचा तुकडा धरा.

ताई, आता तुमच्यासाठी. माझं भोसरीत मोटर रिवाइंडिंगचं काम आहे, मोठ्या मोटरी, पण तांबं सगळीकडं सारखंच. जळालेली मोटर घेऊन येणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य हेच म्हणतो की कूलिंग कमी पडलं. आणि आम्ही उघडून बघतो तर दहातल्या आठ-नऊ वेळा लोड जास्त असतो, बेरिंग गेलेलं असतं किंवा बेल्ट ओव्हर टाइट असतो. फॅन फक्त तयार झालेली उष्णता बाहेर काढतो. ती तयार का होतीये हे आधी बघा. तुमचा फॅन व्होल्टेजनं जळाला हे सोल्डर_पेठ यांनी सांगितलं ते शंभर टक्के पटलं, पण फॅन नीट चालला तरी तुमची मोटर तशीच तापणार आहे, कारण फॅन ईएससीवर आहे आणि चटका मोटरला बसतोय.

वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गात वाढते. करंट दीडपट तर उष्णता सव्वादोन पट. आणि तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स पण वाढतो, एका डिग्रीला ०.३९ टक्के, म्हंजे ३० डिग्रीवरून १०० डिग्रीला गेलं की रेझिस्टन्स जवळपास सव्वा पट. म्हणून एकदा का मोटर तापायला लागली की ती आणखी वेगानं तापते, तुमचे चार मिनिटांतले कट ऑफ तिथून येतात. ईएससीच्या आतल्या मॉस्फेटचं (करंट चालू-बंद करणारे स्विच) पण तसंच आहे, गरम झाले की त्यांचाही रेझिस्टन्स वाढतो.

आणि खरी भीती तांब्याची नाही. चांगली इनॅमल वायर क्लास एफ असेल तर १५५ डिग्री, एच असेल तर १८० सोसते. नाजूक आहे तो रोटरवरचा मॅग्नेट. साधा निओडायमियम मॅग्नेट ८० डिग्रीच्या पुढं ताकद सोडायला लागतो, एच ग्रेड १२० पर्यंत, एसएच ग्रेड १५० पर्यंत. तुमच्या मोटरमध्ये कुठला आहे ते बाहेरून दिसत नाही, आणि रोटर आत हवेत लटकलेला असतो त्यामुळे तो कॅनपेक्षा, म्हंजे मोटरच्या बाहेरच्या कवचापेक्षा, गरम राहतो. एकदा मॅग्नेट कमजोर झाला की तो परत येत नाही, मग मोटर तेवढाच जोर द्यायला जास्त करंट ओढते आणि आणखी तापते. म्हणून मी कॅनवर ८० च्या पुढं गेलो की थांबतो, ९० म्हंजे घरी जायचं.

मोजायला इन्फ्रारेड गन घ्या. कोरोनातली कपाळाची गन नको, ती ताप मोजायलाच बनवलेली असते, ४२-४३ च्या पुढं बोलत नाही. इंडस्ट्रियलवाली घ्या. आणि एक फार महत्त्वाचं, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर गन खोटं बोलते, कमी दाखवते, कधी कधी वीस-तीस डिग्रीनं. मोटरवर आणि हीट सिंकच्या कडेला काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवा आणि त्यावरच नेम धरा.


बाणेर_बग्गी:

आता गिअरिंगवर येतो, कारण इथंच तुमचं उत्तर आहे.

३३०० केव्ही म्हणजे एका व्होल्टला ३३०० आरपीएम, लोड नसताना. २एस फुल चार्जला ८.४ गुणिले ३३००, २७,७२०. ३एसला १२.६ गुणिले ३३००, ४१,५८०. म्हणजे दीडपट. तुम्ही पिनियन १५ चाच ठेवलात, म्हणजे मोटरला सांगितलं की तोच ट्रक, तोच मुरूम, पण दीडपट स्पीडनं ओढ. आणि हवेचा अडथळा स्पीडच्या वर्गात वाढतो, त्यामुळे दीडपट स्पीडला मोटरला लागणारी पॉवर दीडपटीच्या कितीतरी वर जाते.

१२ चा पिनियन टाका. घाबरू नका, ट्रक हळू होणार नाही. १५ चा १२ केला म्हणजे स्पीड ८० टक्के, आणि दीडपटीचे ८० टक्के म्हणजे तुमच्या जुन्या २एसपेक्षा अजूनही २० टक्के जास्तच. पण तेवढाच जोर चाकाला द्यायला मोटरला करंट ८० टक्केच लागतो, आणि वर्गाचा हिशोब वर दिलाच आहे, ०.८ गुणिले ०.८, वाइंडिंगमधली उष्णता ६४ टक्क्यांवर. हे तीन दातांचं काम आहे, आणि कुठलाही फॅन एवढं करत नाही. पिनियन घेताना पिच (दातांचा आकार) स्परशी जुळतो का बघा आणि मोटरचा शाफ्ट ३.१७ चा आहे का ५ चा ते पण, मी एकदा न बघता आणला आणि तसाच ड्रॉवरमध्ये पडलाय.

बसवताना मेश, म्हणजे दोन गिअरचे दात एकमेकांत किती घट्ट बसतात ते. वहीच्या कागदाची पट्टी पिनियन आणि स्परच्या मध्ये घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा, मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीला वळ्या पडल्या पाहिजेत, फाटली नाही पाहिजे. स्परला बोटानं अगदी जरासं हलवता आलं पाहिजे. टाइट मेश म्हणजे मोटर दिवसभर ब्रेक लावून चालवल्यासारखं.

मग पिनियन मोटरपासून सुटा करून ट्रक हातात धरा आणि चारही चाकं एकेक करून फिरवा. सेकंड हँड आहे, मुरमात चालतो, एखादं बेरिंग जाम असायची दाट शक्यता आहे.

मच्छरदाणीबद्दल, ताई काढा ती. तुमची भावना कळते, मी पण पहिल्या वर्षी तेच केलेलं, पण दोन पदरी कापडाखाली फॅन तीच तीच गरम हवा घोळवत बसतो. एवढ्या छोट्या फॅनला दाब असा नसतोच, कापड किंवा बारीक जाळी समोर आली की तो नुसता फिरतो, हवा पुढं जात नाही. धूळ आली तर येऊ दे, दर रविवारी ब्रशनं आणि ब्लोअरनं काढा. आणि ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो हवेनं भन्नाट फिरतो आणि बेरिंग खराब होतं. बॉडीला मागच्या काचेच्या जागी दोन भोकं पाडा, रीमर (भोक पाडायचं हत्यार) असेल तर पाचच मिनिटांचं काम आहे. लोक पुढून हवा आत यायला भोकं पाडतात आणि बाहेर जायला काहीच ठेवत नाहीत.

फॅन मोटरवर लावायचाच असेल तर ४० चा एक, ३६ मिमीच्या क्लिपवाल्या हीट सिंकसकट. पण सगळ्यात शेवटी, आणि बाकी सगळं करून मोटर तरी ८० च्या वर जात असेल तरच. तुमची मोटर बंद कॅनची असेल तर फॅन फक्त बाहेरचं कवच थंड करतो, आतल्या रोटरला त्याचा फायदा कमी.


हडपसर_२एस:

मध्येच विचारतो, माझा फॅन मी लिपोच्या बॅलन्स लीडवरून (प्रत्येक सेलची वेगळी वायर असलेला चार्जिंगचा छोटा प्लग) घेतलाय, पहिल्या दोन वायरींवरून, ३एस पॅक आहे, बरोबर आहे का?


सोल्डर_पेठ:

नाही, लगेच काढा. काळी आणि तिच्या शेजारची म्हणजे एकच सेल, तीन सेलमधली तिसरी वायर धरली तर दोन सेल, दोन्हीत पॅकचा एक भाग जास्त रिकामा होतो आणि बाकीचा कमी. ईएससीचा लो व्होल्टेज कट ऑफ पूर्ण पॅक बघून चालतो, त्याला एक सेल खाली गेलेला कळतच नाही. मग चार्जिंगला बसवलं की अनबॅलन्स, आणि पुढं पॅक फुगतो. घ्यायचंच असेल तर मेन प्लस-मायनसवरून, आणि फॅन १२ चा नाहीतर मध्ये बक.


मुरूम_ट्रक:

सगळ्यांचे मनापासून आभार, तुम्ही लिहिलेलं प्रिंट काढून मुलाच्या वहीत चिकटवलंय आणि आम्ही एकेक गोष्ट बदलून मोजत गेलो, सगळं एकदम केलं असतं तर कशानं काय झालं ते कळलं नसतं हे त्याचंच म्हणणं. पाच दिवस रोज संध्याकाळी साडेपाचला, बाहेरचं टेंपरेचर ३६-३७, तोच प्लॉट, आठ मिनिटं घड्याळ लावून, मोटरवर आणि हीट सिंकवर काळी टेप.

आधी फॅनचं सॉकेट मोजलं. १२.४ आलं. मुलगा मीटर धरून होता, मी आकडा बघितला आणि जळालेल्या फॅनवरचं ५ व्होल्टचं स्टिकर बघितलं, दोन्ही शेजारी शेजारी, आणि इतके दिवस धुळीला दोष देत होते याचं फार वाईट वाटलं. एका साध्या मीटरनं दोन मिनिटांत कळलं असतं.

पहिल्या दिवशी फक्त बक मॉड्यूल आणि नवीन ५ व्होल्टचा बॉल बेरिंगवाला फॅन, स्टिकर हीट सिंककडे. साडेपाच व्होल्टला सेट केलं, स्क्रूवर ग्लू टाकला. ट्रक आठ मिनिटं न थांबता चालला, ईएससी ७८. पण मोटर ९५! वाइंडिंग_भोसरी दादांनी लिहिलेलं डोळ्यांसमोर आलं, फॅन चालू असून मोटरला काही फरक नाही. पुढचा सगळा वेळ पॅक लावलाच नाही, थंड होऊ दिली.

दुसऱ्या दिवशी पिनियन १२. शाफ्ट ३.१७ निघाला, मोजून गेले होते. कागदाची पट्टी आम्हाला तीन वेळा लागली, पहिल्यांदा फाटली, दुसऱ्यांदा वळ्याच पडल्या नाहीत. मोटर ८२, ईएससी ६७. आणि ट्रक उलट जास्त चांगला वाटतो, सुटताना लगेच सुटतो.

तिसऱ्या दिवशी चाकं फिरवून बघितली. मागचं डावं चाक फिरवलं की अर्ध्या गिरकीत थांबायचं, बाकीची तीन सहज सात-आठ गिरक्या घेतात. काढलं तर आतल्या बेरिंगमध्ये मुरूम आणि ग्रीस मिळून लाल चिखल वाळून घट्ट बसलेला. बाहेरून चाक अगदी नीट दिसत होतं. नवीन बेरिंग टाकलं, मोटर ७६, ईएससी ६४.

चौथ्या दिवशी मच्छरदाणी काढली. मोटर ७३, ईएससी ५९. पाचव्या दिवशी मागच्या काचेला दोन भोकं पाडली, मोटर ७१, ईएससी ५७. मग त्याच संध्याकाळी पूर्ण पॅक संपेपर्यंत चालवला, एकदाही कट नाही, शेवटी मोटर ७५. डबल फॅन घेतलाच नाही.

आणखी एक लक्षात आलं. आम्ही २एस चालवत होतो तेव्हा जानेवारी होता, संध्याकाळी २६-२७ असायचं, आता ३७. म्हणजे काही न बदलता सुद्धा मोटर दहा डिग्री वरच गेली असती, नाही का? फॅन कितीही मोठा लावला तरी बाहेरच्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही ना.

आता प्रश्न पावसाळ्याचा. ईएससी वॉटरप्रूफ लिहिलंय, फॅनचं काय?


वाइंडिंग_भोसरी:

बरोबर ओळखलंत, मोटर बाहेरच्या हवेपेक्षा किती वर जाते ते बघायचं, नुसता आकडा नाही. तुमचं ७१ वजा ३७ म्हंजे ३४ डिग्री वर, हे फार चांगलं आहे. मेमध्ये दुपारी ४१-४२ ला चालवलात तरी ७५-७६ च्या आसपास राहील. मुलाला माझ्याकडून शाबासकी सांगा, आमच्याकडची पोरं सुद्धा अशी एकेक गोष्ट बदलून मोजत नाहीत. शक्य झालं तर वहीत बाहेरचं टेंपरेचर पहिल्या कॉलममध्ये लिहायला सांगा.


बाणेर_बग्गी:

फॅन वॉटरप्रूफ नसतो ताई, ईएससीवर काहीही लिहिलं असलं तरी. तुमचं बक मॉड्यूल पण नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की फॅन आणि मॉड्यूल दोन्ही काढून ठेवा, सॉकेटमध्ये ग्रीस भरून वर टेप लावा म्हणजे पिना गंजणार नाहीत. हवा थंड असते, वरून पाणी उडतं, ईएससीचं त्यावर भागतं. पण मोटरचं उलटं होतं, ओला मुरूम आणि वाढलेलं गवत यात ट्रक ओढायला खूप जास्त जोर लागतो, लोक थंडी आहे म्हणून निवांत चालवतात आणि मोटर जाळतात. पावसाळ्यात २एसच लावा, १२ चा पिनियन तसाच ठेवा, आणि पाच मिनिटांनी एकदा गन मारा.

आणि चिखलातून आल्यावर बेरिंग त्याच रात्री काढून पुसा, सकाळपर्यंत ठेवू नका. उरलेली तीन पण आत्ताच बदलून टाका, चौथं ज्या मुरमात गेलं त्याच मुरमात ती पण आहेत.


मुरूम_ट्रक:

उद्याच आणते, पूर्ण सेट. जुनं बेरिंग मुलानं डबीत जपून ठेवलंय, शाळेत सरांना दाखवायचंय म्हणतो.